धाराशिवचा सारा, रानीखेतचा सिंह

उमरगा तालुक्यातल्या एका गावात, माळवदाच्या घरात, काळ्या पत्र्याची एक ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत नॅप्थलीनचा वास, घडीवर पिवळी पडलेली खाकी, आणि एका साबणाच्या डबीत कापसावर ठेवलेला टोपीचा बिल्ला. निवृत्त सुभेदारांनी तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा आधी त्याचा गारवा जाणवला आणि मग लक्षात आले की याच्यावरून बोट सहज घसरते आहे. बिगुलाचा वळसा कळत होता, ढालीची गोलाई कळत होती. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारी मात्र मुठीपाशीच काय त्या उरलेल्या. पाती सपाट.

“चोवीस वर्षं ब्रासोनं घासलंय,” सुभेदारसाहेब म्हणाले. “शत्रूनं नाही, मीच झिजवल्या.”

हे पुस्तक त्या डबीतून निघाले आहे. सुभेदारसाहेबांनी नोकरीत असताना आणि नंतर जमवलेले बिल्ले, त्यांची छायाचित्रे, प्रत्येकाखाली त्या त्या रेजिमेंटचे ब्रीदवाक्य आणि दोन-चार ओळींची माहिती, असा हा साधा मामला. प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो एका अटीवर: मला सगळ्या बिल्ल्यांबद्दल बोलता येणार नाही. मला त्यातले तीनच दिसतात. एक मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, एक महार रेजिमेंटचा आणि तिसरा कुमाऊँ रेजिमेंटचा. पहिल्या दोन नावांवर या जिल्ह्यातल्या कुणाची भुवई वर जाणार नाही. तिसऱ्यावर जाईल. धाराशिवचा आणि हिमालयाच्या पायथ्याच्या पलटणीचा काय संबंध? तो सांगावा म्हणूनच खरे तर ही पाने लिहायला घेतली.

त्याआधी एका शब्दाविषयी. बिल्ला म्हटले की आपल्यासमोर हमालाचा दंड येतो नाहीतर चपराशाचा पट्टा. चपराशी हा शब्दच मुळी चपरास म्हणजे पट्ट्यावरच्या बिल्ल्यावरून पडलेला. बिल्ल्याच्या मागे ब्रीदवाक्य असते, ते वेगळे, ते लिहिलेले. ही फारकत अलीकडची आहे. जुन्या मराठीत ब्रीद हा शब्द दोन्हीला पुरत होता. ब्रीद म्हणजे बाणा, आणि ब्रीद म्हणजे तो बाणा जाहीर करण्यासाठी अंगावर बाळगलेली खूणही. संतांनी देवाच्या पायात ब्रीदाचा तोडर घातला तो याच अर्थाने: देवाने भक्ताला सांभाळण्याचा शब्द दिला आहे आणि त्या शब्दाचा दागिना त्याच्या पायात वाजतो आहे. वाजतो म्हणजे सगळ्यांना ऐकू जातो. नामानिराळे होता येत नाही. शिपायाच्या टोपीवरचा बिल्ला या जातीचा आहे. तो शोभेसाठी नसतो, बांधून घेण्यासाठी असतो.

फौजेच्या खुणा या मुलुखाला नव्याही नाहीत. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहायला लोक आवर्जून जातात. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ पुढे आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून ती १६३२ मध्ये विजापूरला नेली, हे फार जणांना माहीत नसते. तिचे तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दातांत हत्ती. तोफ न उडवताही समोरच्याला काय सांगायचे ते सांगून मोकळी. हा बिल्लाच होता. फक्त टोपीवर मावणारा नव्हता.

आता बिगुलाकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगूल का, असे शाळेतल्या मुलांना विचारले तर ती म्हणतात, युद्ध सुरू झाल्याचे सांगायला. उत्तर सरळ आहे आणि चुकीचे आहे. अठराव्या शतकात युरोपातली फौज रांग धरून लढायची आणि हुकूम ढोलावर चालायचे. मग रांग सोडून पुढे विखरून लढणारे, झाडाझुडपांतून नेम धरणारे हलके पायदळ आले. त्यात जर्मन मुलुखातले शिकारी होते, आणि ते शिकारीचे शिंग बरोबर घेऊन आले. विखुरलेल्या माणसांच्या मागे ढोल घेऊन पळता येत नाही. शिंग गळ्यात अडकवून पळता येते. शिंगाचा झाला बिगूल, आणि जगातल्या बहुतेक लाइट इन्फन्ट्रीच्या टोपीवर तो चढला. म्हणजे हा बिगूल ‘युद्ध सुरू झाले’ असे सांगत नाही. तो सांगतो की आम्ही रांगेत नसतो, चपळ असतो, एकमेकांपासून लांब असतो, आणि तरीही एकाच आवाजावर हलतो. संचलनात ही मंडळी इतरांपेक्षा भराभर पावले टाकताना दिसतात. ब्रिटिश लाइट इन्फन्ट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची होती, त्या घराण्यातले हे लक्षण.

आपल्याकडे हा किताब फुकट मिळाला नाही. मुंबईच्या फौजेतल्या पाचव्या पलटणीची एक तुकडी १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत मरी टोळ्यांच्या वेढ्यात अडकली होती. महिनोन्‌महिने तिने गढी सोडली नाही. पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, पाचवी पलटण लाइट इन्फन्ट्री झाली. तिच्या लाल कोटाची कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या काळ्या, म्हणून ती ‘काळी पाचवी’. आजही रेजिमेंटची दुसरी बटालियन या नावानेच ओळखली जाते. इंग्रजी कागदांत हे नाव इंग्रजी अक्षरांत पण मराठीच राहिले, याची मला नेहमी गंमत वाटते. साहेबाने शिपायाला ‘गणपत’ म्हणावे आणि शिपायाने साहेबाच्या पलटणीला मराठी नाव द्यावे, अशी ती देवाणघेवाण.

बिगुलाशेजारी ढाल-तलवार आहे आणि इथे मात्र सूर बदलतो. बिगूल विलायतेहून आला. तलवार आपल्या घरची. धाराशिव जिल्ह्यात तर तिचे घर दाखवता येते. तुळजापुरात शारदीय नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात. देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे असा तो देखावा. राजे शहाजी महाद्वारातून आत जाऊन रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्या बाईला तलवारीच्या प्रतीकाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. एकाच बिल्ल्यावर कंपनी सरकारचा बिगूल आणि भवानीची तलवार असे दोघे शेजारी नांदतात, आणि ते एकमेकांकडे बघत नाहीत.

हे न बघणे या रेजिमेंटच्या इतिहासातच आहे. तिची सर्वांत जुनी बटालियन, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिली ती ईस्ट इंडिया कंपनीसाठी. पुढच्या अर्धशतकात कंपनीची मुंबईची फौज कुणाकुणाविरुद्ध लढली हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्यात पेशवे आहेत. आणि आज ही रेजिमेंट ‘मराठा दिन’ साजरा करते तो ४ फेब्रुवारीला, १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवसाची आठवण म्हणून. कागदावरचा जन्म १७६८ चा, मनातला १६७० चा. कुणी याला विसंगती म्हणेल. मला ती वाटत नाही. चाकरी कुणाचीही असो, शिपायाने बाप स्वतः निवडला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत, इटालियन मोर्चांवर चढताना शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला आणि तीच पुढे रेजिमेंटची रणघोषणा ठरली. इंग्रज राजासाठी लढताना इंग्रज अधिकाऱ्यांसमोर दिलेली ती घोषणा आहे. तिच्या दुसऱ्या भागात तुळजापूरचा माणूस सवयीने भवानीच्या नावाची वाट पाहतो, आणि ऐकू येते ‘तेमलाई माता की जय’. आमच्या भागातल्या पोरांनी हे पहिल्यांदा ऐकले की ती एकमेकांकडे बघतात, असे सुभेदारसाहेब सांगतात. मग चार दिवसांत तेमलाईही त्यांची होते.

ब्रीदवाक्य तीन शब्दांचे: कर्तव्य, मान, साहस. इंग्रजीत ते तीन शब्द सपाट वाटतात, कुठल्याही फौजेचे असू शकतील असे. मराठीत मात्र तिन्ही शब्द अंगावर घरचे कपडे घालून येतात, आणि ते कपडे बऱ्याचदा लष्करी नसतात.

‘कर्तव्य’ घ्या. आपल्या घरांत हा शब्द कधी ऐकू येतो? ‘यंदा कर्तव्य आहे का?’ असे कुणी विचारले तर त्याचा अर्थ एकच, लग्न. फौजेतल्या मुलाबद्दल आई कर्तव्य म्हणत नाही, ती ‘ड्युटीवर आहे’ म्हणते. म्हणजे गंमत अशी की ब्रीदातल्या इंग्रजी शब्दाचे मराठी झाले आणि घराने तो इंग्रजीच ठेवला. ‘साहस’ आणखी वेगळे. शिलालेखांत आणि शाळेतल्या धड्यांत साहस हा गुण; धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मात्र साहस म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा. आणि माजघरात ती ताकीद असते: उगाच साहस करू नको, विहिरीच्या काठावर जाऊ नको. ज्या मुलाने सतरा-अठरा वर्षे ‘साहस करू नको’ ऐकले, त्याच्या टोपीच्या ब्रीदात ‘साहस’ आहे.

पण मला सर्वांत जास्त थांबवतो तो मधला शब्द. मान. या जिल्ह्यात मान म्हणजे मनातली भावना नव्हे. मान म्हणजे हक्क. तुळजाभवानीचा पलंग कुणी आणायचा, पालखी कुठून यायची, पोत कुणी धरायचा, हे मान पिढ्यानपिढ्या ठरलेले. मानकरी जन्माने होतो. लग्नात मानपानावरून रुसवे होतात, बैलपोळ्याला पहिली जोडी कुणाची यावरून डोकी फुटतात. मान म्हणजे कुणाच्या पुढे कोण. अशा मुलुखातून गेलेल्या पोराला पलटणीत सांगतात की मान कमवावा लागतो आणि तो तुझा एकट्याचा नसतो, पलटणीचा असतो. यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले, नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. दोघे याच रेजिमेंटकडून इटलीत लढले. घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर तुटून पडले आणि तिथेच पडले; जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर घालून नदीपार नेले आणि मग परत जाऊन शत्रूची ठाणी गप्प केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गावाच्या हिशेबात ते कुठल्याच देवाचे मानकरी नव्हते.

सुभेदारसाहेबांना मी विचारले, या तीन शब्दांतला कुठला रोज कानावर यायचा? ते हसले. “एकही नाही. रोज कानावर यायचं ते ‘जल्दी करो’.”

आता रानीखेतचा, म्हणजे कुमाऊँ रेजिमेंटच्या ठाण्याचा, सिंह. कुमाऊँ रेजिमेंटच्या बिल्ल्यावर उभा ठाकलेला अर्धा सिंह आहे आणि त्याच्या पंजात क्रूस. कुमाऊँच्या देवळांत, लोककथांत, डोंगरांत कुठेही असा सिंह सापडणार नाही. तो रसेल नावाच्या एका इंग्रज घराण्याच्या कुलचिन्हावरचा आहे. हेन्री रसेल हे हैदराबादच्या निजामाच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रजी अंमलदारांच्या हाताखाली त्यांनी पलटणी उभ्या केल्या; रसेल ब्रिगेड या नावाने त्या ओळखल्या गेल्या. त्यांतून हैदराबाद कंटिंजंट घडली. शेजारच्या बीड जिल्ह्यातले आजचे अंबाजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, ही या कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती.

या फौजेचा पगार निजामाने भरायचा आणि तो नेहमी थकायचा. कर्ज वाढत गेले. शेवटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे तीन मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी कंपनीच्या हवाली केले. धाराशिवची घडी बसवायला कॅप्टन मेडोज टेलर आले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारे तेच टेलर. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्यांनी इथला कारभार पाहिला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत निजामाकडे गेले, वऱ्हाड राहिले. म्हणजे सात वर्षे तेरणा-बोरीच्या काठच्या शेतकऱ्याने ज्वारी-हरभऱ्यावर भरलेला सारा त्या सिंहाला खाऊ घालण्यासाठी जमा होत होता. सत्तावनचे साल या सात वर्षांच्या मधोमध येते.

पुढची कहाणी नावांची आहे. कंटिंजंट भारतीय सैन्यात मिसळली, १९२२ मध्ये तिची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. हळूहळू तिच्यातली माणसे बदलत गेली, उत्तरेकडची भरती वाढली, आणि १९४५ मध्ये हैदराबाद हे नाव उतरून कुमाऊँ चढले. ब्रीदवाक्य ‘पराक्रमो विजयते’, घोषणा कालिका मातेच्या नावाने, माणसे उत्तरेकडची. सिंह मात्र राहिला. १९४७ मध्ये बडगामला मेजर सोमनाथ शर्मा लढताना पडले आणि पहिले परमवीरचक्र त्यांच्या नावावर लागले, १९६२ मध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंगांची कंपनी बर्फात जागच्या जागी लढत संपली, तेव्हा रेजिमेंटचे चिन्ह हैदराबादच्या रेसिडेन्सीतले होते. ज्यांच्या साऱ्यावर ते चिन्ह पोसले, त्यांच्या पणतूंना त्याचा पत्ताही नाही. मी स्वतः धाराशिवला अर्धे आयुष्य काढले, आणि मला हा संबंध जुळवायला पन्नाशी यावी लागली.

इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेव्हा चिन्ह होते ते वेगळेच. आसफजाही झेंड्याच्या मधोमध एक गोल असे. तो चंद्र नव्हे, सूर्य नव्हे, कुलचा. पहिल्या निजामाला एका अवलियाने कुलचे खाऊ घातले, त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य राहील असा आशीर्वाद मिळाला, अशी दंतकथा. झेंड्याच्या तळाशी ‘या उस्मान’ ही अक्षरे, आणि शेवटच्या निजामाच्या त्याच नावाने धाराशिवचे उस्मानाबाद झालेले. भाकरी खाणाऱ्या मुलुखावर रोटीचा झेंडा, असे एक म्हातारे गृहस्थ म्हणत.

तो झेंडा सप्टेंबर १९४८ मध्ये उतरला. १३ तारखेला पहाटे सोलापूरहून भारतीय फौजा निघाल्या. बोरी नदीवरचा पूल साबूत हाती लागला, नळदुर्ग पडले, तुळजापूरला दोन तास झुंज झाली. उस्मानाबाद शहरात फौज शिरली आणि रझाकारांशी गल्लीगल्लीत लढाई झाली.  १७ सप्टेंबरला सगळे संपले. पुढे कोल्हापूर, बडोदा आणि खुद्द हैदराबाद अशा संस्थानी फौजांतल्या पलटणीही मराठा लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाल्या. एकेकाळी समोरासमोर असलेल्या दोन बाजूंची माणसे काही वर्षांनी एकाच बिल्ल्याखाली आली.

राहिला महार रेजिमेंटचा बिल्ला, आणि माझ्या मते सर्वांत बोलका. महार सैनिकांची परंपरा जुनी. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमेकाठी उभारलेल्या स्तंभावर पडलेल्यांची एकोणपन्नास नावे आहेत; त्यांतली बावीस, महारांच्या नावांसारखी, ‘नाक’ने संपतात. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच परंपरेतले सुभेदार. तरी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला.

इथे एक तिढा आहे. कोरेगावला लढलेल्या पलटणीचा वारसा कागदोपत्री ग्रेनेडियर्सकडे जातो, आणि ग्रेनेडियर्सच्या बिल्ल्यावर पेटता हातगोळा आणि हॅनोव्हरचा पांढरा घोडा आहे. लढाईचा कागद एकीकडे, स्तंभ दुसरीकडे. महार रेजिमेंटने कागद मागितला नाही. दगडावरची नावे घेतली.

१९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा स्तंभावर दोन विकर्स मशीनगन तिरप्या आल्या. नंतर स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. त्याहीनंतर रेजिमेंट पुन्हा साधे पायदळ झाली, विकर्स गनच फौजेतून गेली; बिल्ल्यावर ती अजून आहे. ब्रीद ‘यश सिद्धी’, घोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’. ना राजाचे नाव, ना देवीचे. मराठा पलटणीच्या घोषणेशेजारी ठेवून ही घोषणा वाचावी. ज्यांना गावाच्या देवळात पायरीपर्यंतही जाता येत नव्हते, त्यांच्या पलटणीने एकदम सगळ्या देशाचेच नाव घेतले. या रेजिमेंटमध्ये पुढे सगळ्या जातींची, सगळ्या प्रांतांची माणसे भरती झाली; मेजर रामस्वामी परमेश्वरन हे १९८७ मध्ये श्रीलंकेत पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले, ते तमिळ.

कामातून गेलेली मशीनगन बिल्ल्यावर का राहते आणि जागच्या जागी उभा असलेला स्तंभ का जातो, याचे उत्तर मी इथे देणार नाही. ते ज्याने त्याने शोधावे. मी एवढेच म्हणेन की बिल्ला वाचताना त्यावर काय आहे एवढेच पाहून पान उलटू नये; काय काढले तेही विचारावे. कुमाऊँच्या सिंहाखालून हैदराबाद गेले, महारांच्या मशीनगनखालून स्तंभ गेला, आणि सुभेदारसाहेबांच्या बिल्ल्यावरून तर तलवारीच गेल्या, त्याही प्रेमाने.

जाता जाता एक खुलासा. महार रेजिमेंटच्या प्रकरणात पहिली चौकट कोरी दिसेल. ती छपाईची चूक नाही. तिथे नुसता स्तंभ असलेला १९४१ चा बिल्ला यायचा आहे. सुभेदारसाहेबांना तो मिळाला नाही आणि नकलेचा फोटो छापायला ते तयार नाहीत. कळंबपासून उमरग्यापर्यंत कुठल्या तरी घरी, कुठल्या तरी ट्रंकेत, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांखाली तो असण्याचा संभव आहे. सापडला तर घेऊन या. फोटो काढून तिथल्या तिथे परत दिला जाईल. फक्त आणताना घासून आणू नका.